माटोळीखालची टाकी

माशांच्या दुकानात शिरणारे गिऱ्हाईक पहिले वाक्य खोटे बोलते. "कालपर्यंत एकदम बरो होतो" हे ते वाक्य. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत मासा आडवा तरंगत असतो, पोट फुगलेले, अंगावरचे खवले एकूणएक उभे राहिलेले, आणि मालक म्हणतो कालपर्यंत बरा होता. खवले एका रात्रीत उभे राहत नाहीत. त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत मासा काचेजवळ येऊन आपले दुखणे दाखवतच असतो. टाकीसमोर बसलेला माणूस टीव्ही बघत असतो.

मी मूळचा पार्सेचा. आठवीनंतर शाळा सोडली, डिचोलीला खाणीवर ट्रक धुवायचे काम धरले, मुकादमाशी भांडून तेही सोडले. म्हापशाला एका काचवाल्याकडे काचा चिकटवायला शिकलो आणि पहिली टाकी मीच बांधली. ती गळाली. दुसरी गळाली नाही. आज डिचोलीच्या बाजारात माझे दुकान आहे, सदतीस टाक्या आहेत, आणि यातले काहीही मला कोणी दिलेले नाही. बाजारातले लोक सुरुवातीला दारातून ओरडून विचारायचे, "बांगडे कशे दिलास रे?" आजही एखादा विचारतो. मला आजही राग येतो.

माशांचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. पण कोणावर विश्वास ठेवायचा नाही हे मला चांगले कळते, आणि या धंद्यात निम्मे निदान तिथेच होते. मालकावर ठेवायचा नाही. माशाच्या रंगावर ठेवायचा नाही, कारण मरायला टेकलेला मासा कधीकधी जास्तच रंगतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर तर मुळीच नाही. माशाची घाण ज्या पाण्यात विरघळते ते पाणी काचेसारखे नितळ दिसते आणि आतून विष असते. ती घाण पचवणारे सूक्ष्म जीव गाळणीच्या स्पंजात राहतात. आमच्याकडे चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, अगोदर घरोघर रंगकाम आणि साफसफाई निघते, त्यात कोणीतरी उत्साही माणूस तो स्पंज नळाखाली साबण लावून पांढराशुभ्र करतो. चार दिवसांनी माझा फोन वाजू लागतो.

नवशिक्यांना मी एकच गोष्ट सांगतो. मासे एकेक करून मेले तर रोग समजा, सगळे एकदम मेले तर पाणी तपासा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घ्या. अंगावर रवा शिंपडल्यासारखे ठिपके येतात, मासा दगडावर अंग घासतो. पाणी थोडे कोमट ठेवायचे, मोजून मीठ घालायचे, रोज थोडे पाणी बदलायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके जातात. मालक खूश होऊन औषध बंद करतो. पण ते किडे गेलेले नसतात, तळाला पडून वाढत असतात, आणि आठवड्याने चौपट होऊन येतात. मग मालक दुकानात येऊन ओरडतो की तुझे औषध भेसळीचे. मीही ओरडतो.

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचे गोल्डफिश महिन्याला एक या हिशेबाने फुगून मरायचे.

"मास्तर, खायला काय घालता?"

"तू दिलंस तेच. दोन वेळा, चिमूटभर."

"आणखी?"

"आणखी काय घालणार? मी शिक्षक माणूस, मोजून घालतो."

मी बाही वर करून टाकीच्या तळाशी हात घातला. खडीतून कुजलेल्या पोईचा, म्हणजे कोंड्याच्या पावाचा, लगदा मूठभर निघाला. रोज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की मास्तर गरम पोई घेत, चहाबरोबर अर्धी स्वतः खात आणि उरलेल्यातला तुकडा माशांना.

"मास्तर, हे काय?"

"पोईत कोंडा असतो," मास्तर म्हणाले. "पोटाला बरा."

"तुमच्या पोटाला. त्यांना पोट केवढे!"

"पण मी ते खाणे म्हणून घालत नव्हतो रे. सोबत म्हणून घालत होतो."

मी टाकी साफ करून दिली, पोई बंद करायची शपथ घ्यायला लावली, आणि पुढच्या महिन्यात न सांगता जाऊन पुन्हा तळाशी हात घातला. विश्वास ठेवत नाही म्हणतो तो असा.

हे सगळे सांगायचे कारण, ज्या एका टाकीने माझे नाव घालवले तिथेही मी असाच संशयाने गेलो होतो. संशय घ्यायला मी चुकलो नाही. घेतला तो चुकीच्या माणसावर.

मांद्र्याला सूर्यकांत म्हणून एक गेस्टहाऊसवाले आहेत. आम्ही त्यांना सूर्या म्हणतो. समुद्रापासून आत, वाड्यावरच्या वस्तीत, त्यांचे जुने घर आहे. गणपती त्याच घरात बसतो. त्या घराच्या मोठ्या खोलीत मी सहा फुटी टाकी बसवून दिली होती आणि तिच्यात एक अरोवाना सोडला होता. तलवारीच्या पात्यासारखा लांब, हनुवटीला दोन मिशा, पाण्याच्या वरच्या थरातच फिरणारा मासा. पैसा येतो म्हणून धंदेवाले तो ठेवतात. सूर्याने त्यासाठीच ठेवला होता, पण त्याला जीव लावला तो सूर्याच्या वडिलांनी. त्यांना सगळे आपा म्हणत. ऐंशी ओलांडलेले, काटक, रोज सकाळी सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलून एकेक करून त्या माशाला भरवणारे. सूर्याची टाकी बघून मांद्रे आणि मोरजी बाजूच्या पाच मैलांतल्या आठ-दहा गेस्टहाऊसवाल्यांनी माझ्याकडून टाक्या घेतल्या. त्या सगळ्यांची देखभाल माझ्याकडे होती. माझ्या धंद्याचा कणा म्हणजे ते पाच मैल.

त्या वर्षी चवथीला पाहुणे येणार म्हणून सूर्याला टाकी भरलेली दिसायला हवी होती. मी सहा रुपेरी चपटे मासे आणून सोडले. नवे मासे आले की मी ते पंधरा दिवस मागच्या टाकीत वेगळे ठेवतो, रोग असला तर तिथेच बाहेर पडावा म्हणून. हे मासे मी आठच दिवस ठेवले होते. सूर्या घाई करत होता आणि मी ऐकले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी जीभ जिथे अडखळली ती इथेच.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी मोटारसायकलने मांद्र्याला पोचलो तेव्हा सहाच्या सहा रुपेरी मासे मेलेले होते आणि अरोवाना कुशीवर पडून कल्ले उघडझाप करत होता. अंगावर ठिपका नाही, पर झिजलेले नाहीत, डोळे स्वच्छ. रोग नव्हताच तो. सगळे एकदम गेले होते, म्हणजे पाणी. पाण्यावर पांढरा फेस होता. मी बाटलीत पाणी घेऊन हलवले तर फेस वर चढला आणि तसाच राहिला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. साबण.

बाटली बाजूला ठेवून मी आधी अर्धे पाणी काढले, नवे घातले, हवेची नळी जोडली. अरोवाना माझ्या हातातच गेला. आपा गणपतीच्या बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांची नजर माझ्या बाटलीवर होती.

तेव्हा मी गप्प बसायला हवे होते. घरात पाहुणे, आरतीची मंडळी, माटोळी फळांनी लगडलेली. गोव्याबाहेरच्यांना सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळे, फुले, वेली बांधतात. जितकी दुर्मिळ फळे तितकी घराची शोभा. आपांची माटोळी वाड्यावर प्रसिद्ध होती. त्या वयातही ते आठ दिवस डोंगरावर फिरून स्वतः सगळे गोळा करत. आणि त्या घरातली माटोळी एवढी रुंद, की तिची एक बाजू माझ्या टाकीवर येत होती.

मी वर पाहिले नाही. मी सूर्याच्या बायकोकडे पाहिले.

"वहिनी, टाकीजवळ साबणाचो हात कोणी घातलो?"

"कोणी घालूक नाय."

"मग ह्यो फेस खयसून इलो? आरशी-बिरशी पुसताना काय फवारलास?"

"नाय म्हणून सांगतंय ना!"

"सगळीच नाय म्हणतत. मासे काय आपसूक मेले?"

सूर्या मधे पडला. "माझ्या बायलेक चवथीच्या दिसांनी माझ्याच घरात येऊन खोटी पाडतस? तुझे नवे मासे येऊन आठवडो जाऊक नाय आणि जुनो मेलो. रोग तूच हाडलस! किती दिस वेगळे ठेवलेलस ते, सांग बघू सगळ्यांसमोर."

मी सांगू शकलो नाही. खोली भरलेली होती आणि मी सांगू शकलो नाही. मग मी ओरडलो, काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखे नाही. सूर्या म्हणाला, तुझी गाळणी घे आणि चालता हो. टाकीवर बसवलेली गाळणीची पेटी माझी होती. ती मी न उघडताच उचलून गोणीत घातली आणि निघालो.

त्या आठवड्यात एकेक फोन आला. कोणी म्हणाले आता टाकी नको, कोणी म्हणाले पावसानंतर बघू. मांद्र्यात बोलणे एकच होते, डिचोलीवाल्याचे मासे रोगट. पाच मैलांतली एकही टाकी माझ्याकडे राहिली नाही.

दुकानात पेटी उघडली ती धुवायला म्हणून. तिचे झाकण कोणीतरी जोर लावून बसवले होते, माझ्या हाताने ते तसे कधीच बसत नाही. उघडले तर स्पंजावर हिरव्या फळांचा एक घोस. दोऱ्यासाठी सुईने आरपार टोचलेली फळे, दोन झाकणाखाली चिरडलेली. ती गेळे होती.

पार्सेच्या पोरांना गेळ शिकवावे लागत नाही. आम्ही लहानपणी ओहोळाचे पाणी अडवून त्यात गेळे ठेचून टाकत असू. थोड्या वेळाने फेस यायचा आणि मासे गुंगून वर यायचे, हाताने उचलायचे. पंपाने उचललेले पाणी दीड-दोन दिवस त्या ठेचलेल्या गेळांवरून वाहून टाकीत पडत होते. जन्मापासून माहीत असलेला फेस माझ्या नाकासमोर होता आणि मी म्हटले साबण. शहरात धंदा केल्याने माणसाची अक्कल अशी बदलते.

घोस पिशवीत घालून मी सूर्याच्या गेस्टहाऊसवर गेलो. त्याने घोस बाहेर काढून उलटापालटा करून पाहिला.

"ह्या आपान बांधलेला," तो म्हणाला. "गेळ तोच बांधता. दुसऱ्या कोणाक ठावकच नाय."

"मग सांग लोकांना."

"सांगतंय. पण गुणाजी, आपाक कळता कामा नये. तेच्या हातान मासो मेलो असा तेका कळला तर तो अंथरूण धरतलो. तू गप रव. लोकांक मी सांगतंय माझ्या पद्धतीन."

मी गप्प राहिलो. माल घेताना मी सहजासहजी शब्द देत नाही, इथे दिला. सूर्याने कोणालाही काही सांगितले नाही. दोन चवथी गेल्या. मांद्र्यातल्या टाक्या सावंतवाडीच्या एका माणसाकडे गेल्या. त्याला पांढरे ठिपके आणि बुरशी यातला फरक कळत नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आपा माझ्या दुकानात आले. एकटे, म्हापशाला बस बदलून. मी स्टूल दिले. ते टाक्यांकडे बघत बसले आणि एकदम म्हणाले,

"गुणाजी, गेळ मीच बांधलेला."

मला वाटले सूर्याने सांगितले असेल. त्याने नव्हते सांगितले.

"त्या पेटीचा झाकण सरकलेला. घोस सुटून तेतूर पडलो तो मी बघललंय," आपा म्हणाले. "काढूक गेलंय, तितक्यात आरतीची माणसा दारात. माटोळीतला फळ खाली पडणा बरा नसता. घरात कायतरी वायट घडतला म्हणतत. कोणाक दिसा नये म्हणून मी वरसून झाकण दाबलंय. माका वाटला, ती पेटी म्हणजे यंत्र. मासे खाली, पेटी वर. तेतूरचा पाणी तेंच्याच पोटात जाता ह्या माका काय ठावक?"

"कधी कळले तुम्हाला?"

"तू बाटली हलवलस ना, तेव्हाच. फेस बघितलंय आणि कळला."

"आणि तुम्ही गप्प बसलात? तीन वर्षे?"

"माका वाटला तू ओळखतलस. पार्सेचो तू. आणि तू भांडखोर, आज ना उद्या येऊन भांडतलस. तू भांडलो असतस तर मी सांगला असता. तू येवकच नाय."

मला हसावे की रडावे कळेना. मी त्यांच्यासाठी गप्प, ते माझी वाट बघत गप्प, आणि मधल्या मधे सूर्याचे बरे चालले होते.

आता मी केले ते सांगतो. मी सौदा केला. आपा म्हणाले, सूर्याक सांगतंय. मी म्हटले, सूर्याला ठाऊक आहे. आपा म्हणाले, वाड्यावरच्या चार माणसांक सांगतंय. मी म्हटले, चार नकोत. देवळात सांगतंय. नको. माझी बदनामी गणपतीसमोर भरल्या आरतीत झाली, ती तिथेच फिटली पाहिजे, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर. आपांनी मान खाली घातली. म्हातारा माणूस, बसने आलेला, तहानलेला. मी पाणी विचारले ते कबूल करून घेतल्यावर.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मांद्र्याला गेलो. मला बघून खोलीत कुजबुज झाली. घुमट या मातीच्या वाद्यांवर आरत्या झाल्या, मंत्रपुष्प झाले. आपा काठी टेकून उभे राहिले.

"ऐका," ते म्हणाले. "त्या वर्षाचे मासे गुणाजीच्या रोगान मेले नाय. मी मारलंय. माझा गेळ पेटीत पडला आणि मी ता लपवलंय."

इतके स्वच्छ, इतके थोडक्यात सांगितले त्यांनी, की मला वाटले झाले, मिळाले. मग घुमट वाजवणारा एकजण हळूच म्हणाला, "आपा, बसा तुमी. वय झाला तुमचा." आणि सूर्या उठला, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला,

"हल्ली आपाक असाच जाता. कायतरी मनात घेऊन बसतत."

"सूर्या, तुला सगळे ठाऊक आहे!" मी ओरडलो. "पिशवी दाखवली होती तुला!"

"खयची पिशवी?"

मागून कोणीतरी बोलले, "म्हयन्यापूर्वी आपा एकटेच डिचोलीक गेलेले. ह्येच्याच दुकानात. म्हाताऱ्याक पढवून हाडल्यान मेल्यान!"

आणि मग मी जो काही आवाज चढवला त्याने उरलीसुरली शंकाही मिटवली, माझ्या विरुद्ध. खोलीतली सगळी माणसे आपांकडे दयेने बघत होती आणि माझ्याकडे चोराकडे बघावे तसे. खरे बोललेला माणूस एकच होता आणि त्याला पाण्याचा पेला हातात देऊन, काठी काढून घेऊन खुर्चीवर बसवले होते.

माझे नाव गेले होते ते गेलेच. त्याचे दुःख मला अजून आहे, हे वाचून लोक म्हणतील धंद्यासाठी लिहिले, म्हणोत. पण आपांचे जे झाले ते माझ्या सौद्याने झाले. ते दुकानात बसून सांगत होते तेव्हा मी ऐकून घेतले असते तर चालले असते. चवथीनंतर सूर्याने त्यांना पणजीला डॉक्टरकडे नेले. विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. डोंगरावर जाणे बंद केले, एकटे बसमध्ये चढणे बंद केले. यंदा त्या घरची माटोळी बाजारातून आणलेल्या सामानाची होती, असे ऐकले.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. आपा घराच्या ओट्यावर बसले होते. रानातल्या कुठल्या झाडाला कधी फळ धरते हे त्यांनी मला पाच-पंचवीस नावांसकट सांगितले, एकही चूक नाही. मग माझा हात धरला.

"गुणाजी, तू तरी सांग तेंका. माझा डोक्या जाग्यार आसा म्हणून."

सूर्या दारात उभा होता. मी सांगितले. आवाज अजिबात न चढवता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगितले की तुझ्या वडिलांना सगळे नीट आठवते, आणि तुलाही आठवते.

"होय तर," सूर्या म्हणाला. "चाय घेतलास?"